फाटकाबाहेरचा कारखाना

(वज्रेश्वरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



पत्रिकेवर माझा विषय ‘उत्पादक कंपन्या आणि शाश्वतता : सामाजिक व पर्यावरणीय’ असा छापला आहे. मुंबईच्या एखाद्या थंडगार सभागृहात हा विषय असता तर मी चार मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल घेऊन आले असते, पडद्यावर रंगीत आलेख दाखवले असते, आणि चहाच्या वेळेपर्यंत आपण सगळेच समाधानी झालो असतो. वज्रेश्वरीत ते जमणार नाही. इथून अंबाडी नाक्यावर जा. डावीकडे वळलात तर कुडूस आणि वाडा. १९९०च्या दशकात सरकारी सवलती मिळाल्या आणि तिथे शेतांमधून पोलादाचे कारखाने उभे राहिले. उजवीकडे वळलात तर भिवंडी : यंत्रमाग, साइझिंग आणि आता नजर पोचेल तिथवर गोदामे. दिवाळी उलटली की दोन्ही रस्त्यांच्या आसपास वीटभट्ट्या लागतात. या साऱ्या वाटेवर शेअर बाजारात नाव असलेल्या कंपनीची पाटी क्वचितच दिसते. पण इथला माल फिरून फिरून त्यांच्यापर्यंतच जातो. कंपनीचा अहवाल जिथे संपतो तिथून आपला तालुका सुरू होतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी त्या अहवालाविषयी. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२१ मध्ये व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल कंपन्यांकडून मागायला सुरुवात केली आणि २०२२-२३ या वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. पाणी किती उपसले, वीज किती जाळली, कचरा कुठे टाकला, किती कामगार जखमी झाले, स्त्रियांना काय पगार दिला, सगळे लिहावे लागते. मी याची टिंगल करणार नाही. छापलेला आकडा पुढच्या वर्षी त्याच कंपनीसमोर ठेवता येतो, ही काही लहान कमाई नव्हे. पण या अहवालातले प्रश्न दोन गटांत मांडलेले आहेत : एक अनिवार्य, एक ऐच्छिक. आपल्या आवारातला धूर आणि वीज अनिवार्य गटात. ज्यांच्याकडून माल घेता त्यांच्याकडे मजुरांची काय स्थिती आहे ते तपासले का, हा प्रश्न ऐच्छिक गटात. पुढे २०२३ मध्ये सेबीने पहिल्या २५० कंपन्यांकडून पुरवठादारांचीही माहिती घ्यायचे ठरवले. उद्योगांनी कुरकुर केली, मुदत सरकली आणि २०२५ मध्ये तीही ऐच्छिक झाली. शिवाय पुरवठादार म्हणजे कोण? ज्याच्याकडून कंपनीची किमान दोन टक्के खरेदी होते तो. आता भिवंडीतला वीस मागांचा मालक किंवा तानसा नदीकाठचा भट्टीवाला कोणत्या बड्या कंपनीच्या खरेदीत दोन टक्के भरणार आहे?

याच अहवालांत २०५० पर्यंत आपले निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या प्रतिज्ञाही असतात. नवस म्हणजे काय ते वज्रेश्वरीकरांना मी सांगायला नको. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला, १७३९ मध्ये किल्ला पडला, आणि नवस फेडल्याची खूण म्हणून देऊळ उभे राहिले, असे आपण सांगतो. तिथे मागणाराही ठाऊक, मुदतही ठाऊक आणि फेड डोळ्यांना दिसणारी. कंपन्यांच्या नवसात बोलणारा अधिकारी २०५० साली निवृत्त झालेला असेल, आणि देऊळ कोणाच्या खर्चाने बांधायचे हे कुठेच लिहिलेले नाही.

आता भिवंडी. माग कसा चालतो हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तरी नव्या मुलांसाठी सांगते. सूत व्यापाऱ्याचे. ताण्याला खळ लावून देणारा साइझिंगवाला वेगळा. भरलेला बीम मागावर चढतो आणि मागवाला कापड विणून देतो. त्याची मजुरी पिकावर, म्हणजे इंचाला आडवे धागे किती बसले त्यावर. तयार झालेले कोरे कापडही व्यापाऱ्याचेच. मागवाल्याचे स्वतःचे काय? गाळा, जुने माग आणि विजेचे बिल. त्याच्या हाताखाली उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून आलेला कारागीर. पाळी बारा तासांची, एकट्याकडे चार, सहा, कधी आठ माग, पैसे मीटरवर. वीज गेली तर मीटर थांबतो आणि मजुरीही थांबते. मग हेच कोरे कापड ट्रकने राजस्थानात पालीला, बालोत्र्याला रंगायला जाते आणि रंगाचे पाणी तिथल्या बांडी आणि लूणी नद्यांच्या वाट्याला येते. शेवटी कुठेतरी त्यावर लेबल शिवले जाते, आणि त्या लेबलाच्या मालकाकडे एकही माग नसतो.

या साखळीत कारखानदार कोण, हे कायद्याला विचारून बघा. १९४८चा कारखाने अधिनियम म्हणत असे की वीज वापरून दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तर तो कारखाना. मग गाळ्याच्या मधोमध भिंत घातली, एक बाजू भावाच्या नावावर आणि दुसरी बायकोच्या नावावर केली की दोन गाळे होतात आणि कारखाना एकही उरत नाही. कामाच्या जागेवरील सुरक्षा आणि आरोग्याची २०२०ची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने ही मर्यादा दहावरून वीसवर नेली. आता भिंतीचाही खर्च वाचला.

कारखाना नाही म्हणजे काय नाही, हे नीट पाहायला हवे. यंत्रमागाच्या गाळ्यात आवाज सहज ९० डेसिबलच्या वर असतो, आणि ९० ही आपल्या नियमांत आठ तासांची मर्यादा आहे. इथे पाळी बारा तासांची. सुताची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बायसिनोसिस होतो. छाती आवळते, दम लागतो, आणि सुरुवातीला हा त्रास सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त जाणवतो. जुन्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात हा रोग नोंद करणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. पण नोंद व्हायला डॉक्टरने तपासायला हवे, डॉक्टरने तपासायला कारखाना हवा, आणि कारखाना तर कागदावर नाहीच. कारागीर खोकत गावी जातो आणि त्याची जागा त्याचा पुतण्या घेतो.

हे असेच चालायचे, असे कोणी म्हणेल तर त्याला मी नागपूरला पाठवेन. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडले, म्हणजे मिल कायद्याच्या २८ वर्षे पुढे होती. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याची सुट्टी मागितली आणि १० जून १८९० पासून ती मिळवली. रविवारी आपण व्याख्यानाला जमतो त्यामागे त्या माणसाचे श्रम आहेत. या दोन्ही गोष्टी शक्य झाल्या याचे एक कारण साधे आहे : गिरणीला एक फाटक होते. आत कोण काम करतो आणि नफा कोणाकडे जातो, याबद्दल वाद होऊ शकत नव्हता.

ते फाटक १९८२ मध्ये मोडले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो संप चूक की बरोबर यावर आजही घराघरांत भांडणे होतात. त्यात मी शिरत नाही. संपाच्या काळात आणि नंतर विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे वळले, एवढे मात्र खरे. गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीने आधीपासूनच विकत घेतले होते. धागा तोच, माग तोच, कापड तेच. गळून पडले ते भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, उपाहारगृह आणि युनियन. माल स्वस्त झाला तो यंत्रामुळे नव्हे, या गळतीमुळे, आणि ती बचत आजतागायत कोणाच्या तरी नफ्यात जमा होत आहे.

यातून पर्यावरणाचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. साइझिंगचे उदाहरण घ्या. खळ शिजवायला आणि सूत सुकवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, आणि बॉयलरला जे स्वस्त मिळेल ते : लाकूड, कोळसा, कधी चिंध्या आणि प्लास्टिकही. आसपासच्या वस्तीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, तक्रार होते, प्रदूषण नियंत्रण मंडळ चिमणी बंद करते, महिन्याभरात ती पुन्हा पेटते. साइझिंगवाला निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण दर व्यापारी ठरवतो. चांगल्या इंधनाचा खर्च साइझिंगवाल्याला दरात घालता येत नाही. दंड करायचा तर जो सापडतो त्यालाच केला जातो, आणि सापडतो नेहमी सर्वांत लहान.

याला उपाय नाहीत असे नाही, आणि ते फार दूरचेही नाहीत. गुजरातेत अंकलेश्वर, वापी या औद्योगिक वसाहतींत एक मोठे सामायिक बाष्पकेंद्र चालते आणि नळीने अनेक कारखान्यांना वाफ विकते. धूर एकाच चिमणीतून, आणि ती चिमणी तपासता येते. सुरतेत २०१९ पासून धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार चालू आहे. कारखान्यांना, त्यात बहुतेक कापडाचेच, एकूण किती कण सोडता येतील याची मर्यादा ठरते. जो कमी सोडतो तो आपला उरलेला परवाना विकतो. अर्थशास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रशुद्ध तुलना केली तेव्हा उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. आपल्या महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०१७ मध्ये चिमणीच्या धुरावरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायची योजना काढली, आणि ती लोकांसमोर ठेवली, हे चांगले केले. पण तारे मिळतात ते मोठ्या चिमणीला. भिवंडीला ताऱ्यांपेक्षा सामायिक वाफेची गरज जास्त आहे, असे माझे मत आहे. सामायिक केंद्राला जागा आणि भांडवल लागते. गोदामांना जागा मिळते, तशी वाफेलाही मिळेल, मागणारा हवा.

आता घरच्या विषयाकडे येते, म्हणजे विटेकडे. तुमच्यापैकी काही जण भट्टीमालक आहेत, हे मला माहीत आहे. रागावू नका; निदान शेवटपर्यंत ऐका.

पावसाळ्यात कातकरी घरात धान्य संपते तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते, पेंढ्याचा किंवा कच्च्या विटांचा भोंगा, म्हणजे झोपडी, उभारते आणि पहाटे कामाला लागते. माती, राख आणि भाताचे तूस मिसळायचे, चिखल तुडवायचा, साच्यातून थापायचा, वाळवायचा, वाहायचा, भट्टी रचायची. मजुरी हजार विटांवर. आठवड्याला हातात येते ती खर्ची. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो : थापलेल्या विटा, वजा खर्ची, वजा उचल. कितीदा तरी वजाबाकीच मोठी निघते आणि ती पुढच्या वर्षावर ओढली जाते. या हिशेबात नाव नवऱ्याचे असते. बाई तितकेच तास उभी असते, पण वहीत ‘जोडी’ म्हणून एकच ओळ. कंपन्यांचे अहवाल स्त्रियांच्या वेतनाचा रकाना भरतात, तेव्हा मला ही वही आठवते.

इथून जवळच, उसगावला, विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना यांचे काम आहे, हे तुम्हाला सांगायला नको. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना १९८२ मध्येच उभी केली, वसई तालुक्यातल्या वेठबिगारांना सोडवताना. वेठबिगारी कायद्याने संपून तेव्हा सहा वर्षे झाली होती, कायदा १९७६चा. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा काढल्या. शाळेत मूल येत नाही म्हणून शाळाच मुलाच्या भोंग्यापाशी नेली. त्यांच्या राजकारणाबद्दल इथे दोन मते असतील, पण कामाचे कागद सरकारदरबारी आहेत.

पर्यावरणाच्या बाजूनेही वीट साधी नाही. भट्टीसाठी शेताचा वरचा थर जातो, जो तयार व्हायला शतके लागतात. म्हणूनच १९९९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की औष्णिक वीजकेंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातल्या वीटवाल्यांनी किमान २५ टक्के राख मिसळावी. २००३ मध्ये ते अंतर १०० किलोमीटर झाले. २०२२ मध्ये भट्ट्यांच्या धुराचेही नवे निकष आले. यातले बहुतेक नियम भट्टीवाल्यासाठी आहेत. मजुरांबद्दल वीट विकत घेणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, आणि घेणारा मुंबई-ठाण्याकडचा बांधकाम व्यावसायिक असतो. त्याच्या इमारतीला ‘हरित’ मानांकन असते, आणि त्या मानांकनात जवळच्या परिसरातून आणलेल्या साहित्याला गुण मिळतात. म्हणजे वज्रेश्वरीजवळची वीट वापरली म्हणून इमारतीचे गुण वाढतात आणि ज्या जोडीने ती थापली तिची उचल किती, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नाही!

मुकादमाने केले, आमचा काय संबंध, हे उत्तर आपल्या देशात कायदेशीर नाही, आणि हे आजचे नाही. पुन्हा १९८२च. दिल्लीत आशियाई खेळांसाठी मैदाने आणि उड्डाणपूल बांधले जात होते. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे. जमादार, म्हणजे आपल्याकडचे मुकादम, प्रत्येक मजुरामागे एक रुपया काढून घेत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी यंत्रणांनी सांगितले की मजूर आमचे नाहीत, कंत्राटदारांचे आहेत. न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने सप्टेंबर १९८२ मध्ये दोन गोष्टी ठरवल्या : किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करवून घेणे ही घटनेच्या २३व्या कलमाने मनाई केलेली सक्तीची मजुरीच आहे, आणि कंत्राटदार मध्ये आहे म्हणून ज्याचे काम चालले आहे तो सुटत नाही. त्या एका रुपयाचा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आहे. खरेदी विभागाच्या ऑर्डरवर तो उतरलेला नाही.

बाहेरच्या देशांत हे तत्त्व खरेदीच्या व्यवहारात उतरायला प्रेते पडावी लागली. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कापड कामगार गेले. त्यानंतर युरोपच्या अनेक ब्रँडांनी कामगार संघटनांशी करार केला. तो बंधनकारक होता, इमारती तपासणारा होता आणि दुरुस्तीचा खर्च कुठून येईल याचीही तजवीज त्यात होती. जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांकडच्या मानवी हक्कांची तपासणी कायद्याने लावली. भिवंडीत सप्टेंबर २०२० मध्ये जिलानी इमारत पडली आणि चाळीसच्या आसपास माणसे गेली. ती राहती इमारत होती. मरणारे कोणत्या कंपनीसाठी राबत होते हा प्रश्न विचारायला पाहिजे, असे तेव्हा कोणाला वाटले नाही. कारागिराचे घर हा त्याच्या कामाच्या जागेचाच भाग आहे, कारण तो आपल्या मीटरच्या पैशांतून याहून चांगले घर भाड्याने घेऊच शकत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर करून बघू. समजा हजार विटांची मजुरी दोनशे रुपयांनी वाढवली. विटेमागे वीस पैसे झाले. समजा एका घराला दहा हजार विटा लागतात; दोन हजार रुपये झाले. घराची किंमत पन्नास लाख धरा. टक्केवारी तुम्हीच काढा, दशांश चिन्हानंतरही शून्य मांडावे लागेल. म्हणून परवडत नाही हे मला पटत नाही. जिथे पैसा आहे तिथून तो खाली यायला वाट नाही, हे पटते.

ती वाट काढायची तर मोठ्या घोषणा नकोत. बांधकाम कंपनीने विटांच्या बिलासोबत भट्टीवरच्या वहीची प्रत मागावी : उचल किती, खर्ची किती, हिशेब कधी झाला, आणि बाईच्या नावाची वेगळी ओळ आहे का. वही नसेल तर बिल थांबवावे. सिमेंटच्या दर्जाचा दाखला नसेल तर थांबवतातच की. कापडाच्या ब्रँडने गाळ्याचा पत्ता लिहून द्यावा आणि सामायिक वाफेचा खर्च पिकाच्या दरात धरावा. सेबीने ती दोन टक्क्यांची अट काढावी किंवा निदान जोखमीच्या धंद्यांपुरती, म्हणजे वीट, माग, रंगकाम यांच्यापुरती, ती लागू करू नये. आणि ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतल्या भट्ट्यांची हंगामी नोंद ठेवावी, मुलांसकट. तलाठ्याकडे मातीच्या ब्रासची नोंद असते. माणसांची का नसावी?

यातला भट्टीवाल्यावर किती भार येतो आणि विकत घेणाऱ्यावर किती, याचे प्रमाण मला ठरवता आलेले नाही. वीस पैसे वाढवून मागितले तर व्यापारी दुसऱ्या भट्टीकडे जातो, असे भट्टीमालक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. एकट्याने दर वाढवता येत नाही, तालुक्याने मिळून वाढवावा लागेल. तसा प्रयत्न झाला तर कुठे अडेल, हे माझ्यापेक्षा मागच्या दोन रांगांत बसलेल्यांना अधिक कळते. त्यांनी पुढे यावे, ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे देते.